रान तोडायचं का राखायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी लिहिलं होतं की जंगलातलं प्रत्येक झाड तोडणं म्हणजे पाप नव्हे, आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. काही पत्रं रागाची आहेत, काही खरोखर पेचात सापडलेल्या माणसांची आहेत. सगळी छापणं शक्य नाही. जी घेतलीत ती थोडी लहान केलीत आणि नावं, गावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न : ताई, तुम्ही असं लिहावं याचं वाईट वाटलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या आरेत रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली तेव्हा माझी भाची तिथे होती, ती आजही त्या आवाजाबद्दल बोलते. उन्हाळे असे वाढतायत, झाडं आधीच कमी, आणि तुम्ही म्हणता तोड चालेल? एकही झाड तोडायचं नाही, अशी सरळ भूमिका का नाही घेत? – पुण्याच्या एक वाचक

उत्तर : तुमचा राग मला समजतो आणि आरेबद्दल तुमच्या भाचीच्या बाजूनेच मी आहे. पण आरेत झाडं गेली ती मेट्रोच्या कारशेडसाठी, म्हणजे त्या जमिनीवर परत रान येणारच नव्हतं, झाडांबरोबर जागाही गेली. जंगलातली तोड वेगळी असते, तिथे जागा रानाचीच राहते आणि पुढे तिथे काय उगवणार हा प्रश्न शिल्लक असतो. सागाचं रोपवन घ्या. रोपं साधारण दोन-दोन मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी २५००, आता एवढी सगळी झाडं मोठी होऊच शकत नाहीत, ती उजेडासाठी नुसती काठीसारखी वर जातात आणि खाली गवताची काडी उगवत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने विरळणी करतात आणि शेवटी काहीशेच झाडं ठेवतात. अशा रोपवनात कोणी विरळणी करत असेल तर त्याच्यासमोर आडवं पडायचं काही कारण नाही.

दुसरं, लाकूड आपल्याला लागतंच. आपल्या घरातल्या दारं-खिडक्यांचा साग कुठून आला हे आपण विचारत नाही. म्यानमारच्या जंगलातून ओंडके कित्येक वर्षं येत होते, भारत मोठं गिऱ्हाईक होता, शेवटी त्यांचीच जंगलं इतकी विरळ झाली की २०१४ मध्ये त्यांनी ओंडक्यांची निर्यात बंद केली. इथलं झाड वाचवलं आणि दुसऱ्याच्या देशातलं तोडून आणलं तर रान वाचलं असं मला मनापासून म्हणता येत नाही.

माझी काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘रानाच्या तब्येतीसाठी तोडतोय’ असं जो सांगतो त्याचा पैसा कुठून येतो ते मी आधी बघते. ज्या डॉक्टरचं स्वतःचं मेडिकल आहे त्याने लिहिलेली चिठ्ठी आपण दोनदा वाचतोच ना, तसंच. तोडीचा सल्ला देणारा आणि लाकूड विकून पैसे मिळवणारा एकच असेल तर त्याचा सल्ला खोटाच असेल असं नाही, पण तो तपासायला तिसरं कोणीतरी पाहिजे. पुढची सगळी पत्रं कुठून ना कुठून इथेच येतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. घराच्या मागे डोंगराला आमचं सामाईक रान आहे, सातबाऱ्यावर अकरा नावं, निम्मे मुंबईला. यंदा एक व्यापारी आलाय, म्हणतो उक्त्यात द्या, एकरकमी पैसे देतो, चार महिन्यांत रान मोकळं करून देतो, परवानगीचं सगळं मी बघतो आणि पाच-सात वर्षांत परत फुटून येईल. माझा धाकटा भाऊ मुंबईत भाड्याने राहतो, त्याच्या मुलीची कॉलेजची फी आहे, तो म्हणतो तू गावाला राहतोस म्हणून तुला रानाचं कौतुक, मला त्या रानाचा काय उपयोग. त्याचंही चुकतंय असं वाटत नाही. खाली वहाळ आहे, त्याला मार्चपर्यंत पाणी असतं. काय करू?

उत्तर : दादा, सगळ्यात आधी भावाशी भांडू नका. कोकणात बरंचसं जंगल खाजगी मालकीचं आहे आणि ते राखण्याचा खर्च कायम मालकाने सोसायचा, फायदा मात्र सगळ्यांनी घ्यायचा, पुण्या-मुंबईच्या लोकांनी फोटो काढायचे, हे काही बरोबर नाही. मुलीची फी ही हाव नव्हे. रान आणि फी दोन्ही खऱ्या गरजा आहेत असं धरूनच बोलणी सुरू करा, नाहीतर तुम्ही साधू आणि तो पापी अशी वाटणी होते आणि मग सामाईकातलं कुठलंच काम होत नाही.

आता व्यापाऱ्याचं बोलणं. ‘फुटून येईल’ हे अर्धं खरं आहे. ऐन, किंजळ यांचा बुडखा राहिला की त्याला धुमारे येतात, कोकणातलं रान कित्येक पिढ्या याच जोरावर तोडलं गेलंय, जळाऊ लाकूड, कोळसा, भाजावळीला (शेत भाजायला) कवळ (पाल्याच्या फांद्या), सगळं त्यातूनच आलं. पण फुटतं तेच जे फुटणारं आहे. वहाळाच्या काठची सदाहरित झाडं परत तशी येत नाहीत, मोठा बेहडा परत बेहडा व्हायला तुमची नातवंडं म्हातारी व्हावी लागतील, आणि एकाच बुडख्यावर पुन्हा पुन्हा कुऱ्हाड पडली की एक दिवस तो फुटायचं सोडतो. त्यात आपल्याकडे जांभ्यावर मातीचा थर असतो केवढा? डोंगरउतारावरचं रान एकदम मोकळं केलं की पहिल्या दोन पावसाळ्यांतच तो थर वहाळात येतो. वरून उन्हाळ्यात वणवा लागला किंवा गुरं घुसली तर कोवळे धुमारे संपले, मग करवंदी, घाणेरी आणि रानमोडीचं राज्य.

उक्त्याच्या सौद्यात गोम काय आहे ते नीट बघा. एकरकमी पैसे दिल्यावर व्यापाऱ्याला प्रत्येक झाड फुकट, म्हणजे जितकं जास्त तोडेल तितका त्याचा फायदा. त्याला काही राखायचं कारणच उरत नाही. माणूस वाईट असायची गरज नाही, सौदाच तसा आहे. माल बॉयलरला, वीटभट्टीला जाणार, तिथे बेहडा काय आणि किंजळ काय, सगळं वजनावर. म्हणून उक्त्यात देऊच नका. द्यायचंच तर झाडं मोजून, खुणा करून द्या, आणि खुणा तुम्ही करा, व्यापाऱ्याच्या माणसाला करू देऊ नका. वहाळाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा सोडा, उताराची कड सोडा, ढोली असलेली आणि फळाची मोठी झाडं सोडा. जिथे एका बुडख्याला सात-आठ धुमारे आहेत तिथे दोन-तीन चांगले ठेवून बाकीचे जाऊ द्या, त्यात जळाऊ माल बराच निघतो. सगळा डोंगर एका वर्षात न देता तुकडे पाडा. पैसे कमी मिळतील हे मी लपवत नाही. पण भावाची यंदाची फी यातून निघू शकते आणि पुढच्या वेळेला विकायला काही शिल्लकही राहतं, हे त्याच्यासमोर आकड्यात मांडा.

परवानगी ‘मी बघतो’ म्हणणाऱ्यावर सोडू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात खैर, ऐन, किंजळ, हिरडा, साग अशी अनुसूचित झाडं आहेत, त्यांना परवानगी लागते, माल हलवायला वाहतूक पास लागतो, आणि सातबारा तुमच्या नावाचा असल्यामुळे भानगड झाली तर नोटीस तुम्हाला येते. सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात तर २०१३ पासून हायकोर्टाने तोडीवर बंदी घातली, कारण तो वन्यप्राण्यांच्या येण्याजाण्याचा मार्ग. तुमचा तालुका त्यात नाही, पण वाऱ्याची दिशा लक्षात ठेवा.

आणि एक. तुमच्याच तालुक्यात जुन्या बेहड्याच्या ढोलीत गरुड धनेशाची घरटी आहेत. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था बरीच वर्षं तिथे मालकांशी करार करून, मोबदला देऊन रान राखायचं काम करतेय आणि सह्याद्रीतल्या गावांकडून बेहड्याची-हिरड्याची फळं नीट निकषाने गोळा करून औषधी कंपन्यांना विकायचा प्रयोगही त्यांनी उभा केलाय. झाड उभं ठेवून पैसे मिळाले तर तुमचं आणि तुमच्या भावाचं भांडणच संपतं. मोठी रक्कम एकदम हातात येत नाही, हे खरं. पण व्यापाऱ्याला होकार द्यायच्या आधी अशा लोकांना रान दाखवायला काय हरकत आहे?

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातला, आमच्या ग्रामसभेच्या समितीत आहे. गावाच्या सीमेतल्या रानात कूप, म्हणजे तोडीसाठीचा तुकडा, आखलंय, झाडांवर नंबर पडलेत. साहेब लोक म्हणतात हे रान निकृष्ट झालंय, जुनं झालंय, काढून साग लावला तर रान सुधारेल आणि गावाला मजुरी पण भेटेल. काही पोरं म्हणतात मजुरी भेटते तर होऊ द्या. बाया म्हणतात मोह गेला तर आम्ही काय करायचं. पुढच्या सभेत काय मांडू ते सांगा ताई.

उत्तर : सभेत आधी बायांना बोलू द्या, तुम्ही नंतर बोला. हे मी खूश करायला म्हणत नाहीये. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये वेचते ती बाई, टोरी (मोहाची बी) ती वेचते, चार (चारोळीचं फळ) ती वेचते, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोंब) आणि कुड्याची फुलं तीच आणते, त्यामुळे रानात काय आहे याचा हिशोब तिच्याकडे आहे. लाकडाचा हिशोब कूपाच्या रजिस्टरमध्ये आहे. दोन्ही एकाच कागदावर कधी येत नाहीत, तुम्ही ते आणा. कूपातली झाडं समितीने जाऊन मोजा, त्यात मोह किती, चार किती, तेंदू, आवळा, बेहडा किती, एका घराला त्यातून वर्षाला काय मिळतं ते घरोघर विचारून लिहा. दुसऱ्या बाजूला मजुरी लिहा, पण पूर्ण लिहा, तोडीचा एक हंगाम, मग लावणी आणि निंदणीची काही वर्षं, आणि त्यानंतर साग तयार व्हायला पन्नास-साठ वर्षं, मधल्या काळात विरळणीचे थोडे दिवस. पोरांना दिसतेय ती मजुरी खरी आहे, पण ती पहिल्या काही वर्षांतच आहे, आणि मोह दरवर्षी येतो.

आता ‘निकृष्ट’ म्हणतात त्याबद्दल. मिश्र रानात इमारती लाकूड कमी निघतं, मग लाकडाच्या हिशोबात ते निकृष्ट ठरतं. हा विचार आजचा नाही. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सांगितलं होतं की जंगलातून उत्पादन वाढवा, कमी दामाची मिश्र रानं काढून दामाच्या झाडांची रोपवनं करा, आणि त्याच काळात राज्याराज्यांत वनविकास महामंडळं निघाली. देशाला लाकूड हवं होतं, कागद हवा होता, ही भूमिका प्रामाणिकपणे मानणारे अधिकारी त्यात होते हे मी नाकारत नाही. पण १९८८ च्या वननीतीने हे उलटं केलं, पर्यावरणाचा तोल आधी, पैशाचा फायदा त्याच्यानंतर असं त्यात स्पष्ट आहे, आणि कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या मदतीने पिकवावा असंही आहे. धोरण बदललं, पण पैसा लाकूड विकूनच यायचा असेल तर काम बदलत नाही. बाकी, नुसत्या सागाखाली जमीन सुधारते असंही समजू नका, सागाचं पान केवढं मोठं, त्यावरून पाण्याचे मोठे थेंब पडतात, खाली झुडूप-गवत नसेल तर ते थेंब माती उखडतात.

तज्ज्ञ म्हणतात म्हणून घाबरू नका, यासाठी बांबूची एक गोष्ट सभेत सांगाच. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात कागद गिरणीला बांबू जात होता आणि बेटं संपत चालली होती. खापर गावकऱ्यांवर फुटत होतं. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी अभ्यासाला गेले तर वेगळंच दिसलं. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांची दाट जाळी असते, शास्त्रीय पद्धत म्हणून ती साफ करायची शिफारस होती, म्हणजे बेट मोकळं होईल आणि तोडायला सोपं जाईल, पण ती जाळी गेल्यावर नवे कोंब उघडे पडले आणि जनावरांनी ते खाऊन टाकले. ती जाळी कोंबांचं कुंपण आहे हे गावकऱ्यांना माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

कायदा तुमच्या बाजूला आहे, फक्त कागद तयार ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन हा हक्क आहे, कलम ५ मध्ये ग्रामसभेला रानाला बाधा आणणाऱ्या कामांवर नियंत्रणाचा अधिकार आहे. तुमच्या गावाचा दावा मंजूर आहे का, आणि कूप त्या हद्दीत येतं का, हे नकाशा घेऊन बघा आणि मगच ठराव लिहा. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये साधारण १८०० हेक्टरवर हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडलं, त्यासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा कुठे. म्हणजे वेळ लागतो. आणि लक्षात ठेवा, बांबू गौण वनोपजात येतो, इमारती लाकूड येत नाही, त्यामुळे ‘साग आम्हीच विकू’ असं सभेत कोणी म्हणालं तर कायदा तेवढा सरळ नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याच गावाला सांगायची आहे. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करायची आपली सवय आहे ना, त्याने मोहाची लहान रोपं मरतात. बघा तुमच्या रानात, म्हातारे मोह दिसतील, पोरगा मोह दिसणार नाही. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी बांधली की जाळायची गरज पडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, तेंदूच्या पैशावर पाणी सोडलं, कारण पानासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लागतात, आणि बांबूवर भर दिला. सगळ्या गावांना ते जमणार नाही, तेंदू हा कित्येक घरांचा उन्हाळ्याचा आधार आहे. पण ते त्यांनी स्वतः सभेत भांडून ठरवलं, आणि नुकसान सोसणारेही तेच होते. म्हणून त्या निर्णयाला किंमत आहे.

प्रश्न : मी गेली बारा वर्षं अमेरिकेत ओरेगॉनमधल्या बेंड गावाजवळ राहते. दर ऑगस्टला धूर, मुलांना आठवडाभर घरात कोंडून ठेवावं लागतं. फॉरेस्ट सर्व्हिस गावाबाहेरच्या जंगलात थिनिंग, म्हणजे विरळणी, करणार आहे. शेजारचे आजोबा पूर्वी सॉमिलमध्ये होते, ते म्हणतात तीस वर्षं घुबडाच्या नावाने तोड बंद केली म्हणून हे जळतंय. माझ्या हायकिंग ग्रुपमधल्या मैत्रिणी याचिकेवर सही मागतायत, म्हणे हेल्थच्या नावाखाली लॉगिंग चाललंय. दोघंही मला प्रिय आहेत. सही करू का?

उत्तर : तुमच्या बाजूचं जंगल म्हणजे कॅस्केड पर्वताच्या पूर्वेचं, कोरडं, पाँडेरोसा पाइनचं. तिथे दर काही वर्षांनी जमिनीलगत हलकी आग फिरायची, काही विजेने लागायची, काही तिथले मूळ रहिवासी मुद्दाम लावायचे, जाड सालीचे जुने पाइन त्यात टिकायचे आणि खालची गर्दी जळून जायची. मग १९१० मध्ये आयडाहो-मोंटानाकडे जवळपास ३० लाख एकर जळालं, त्या धसक्याने आग दिसली की विझव असं धोरण आलं, १९३५ मध्ये तर नियमच केला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आग आटोक्यात आलीच पाहिजे. कित्येक दशकं असं चाललं आणि पाइनच्या खाली फरची झाडी दाटली, आता आग लागली की ती शिडी चढल्यासारखी शेंड्यापर्यंत जाते. त्यामुळे तुमच्या भागात विरळणीला खरा आधार आहे, आणि ‘एकही झाड नको’ ही भूमिका त्या जुन्या पाइनच्याच मुळावर येऊ शकते.

पण आजोबांचं म्हणणंही पूर्ण बरोबर नाही. ठिपकेवालं घुबड १९९० मध्ये संकटग्रस्त यादीत आलं, १९९४ मध्ये त्याचं रान राखायला मोठी वनयोजना झाली, त्याने गिरण्यांना मोठा फटका बसला आणि गावंच्या गावं बसली, ते दुःख खरं आहे. पण मशीन आल्याने आणि ओंडके परदेशी गेल्यानेही कामं आधीपासूनच जात होती. आणि घुबडाचं मुख्य रान हे डोंगराच्या पश्चिमेचं ओलं, डग्लस फरचं, तिथे मोठ्या आगीच शतकाशतकाने येतात, तिथे विरळणीचा हा युक्तिवाद तसाच लागू होत नाही. एकाच राज्यात डोंगराच्या दोन बाजूंना दोन उत्तरं आहेत.

खरी गोम पैशात आहे. गर्दी करणारी झाडं बारीक, त्यांना गिऱ्हाईक नाही, काढायला मात्र खर्च येतो. मग लिलाव परवडावा म्हणून त्यात थोडी मोठी झाडं घालायचा मोह होतो. याच भीतीने १९९० च्या दशकात पूर्व ओरेगॉनमध्ये नियम आला होता की २१ इंचांपेक्षा जाड झाड तोडायचं नाही. शास्त्र म्हणून बघितलं तर तो आकडा ओबडधोबड आहे, एखादा शंभर वर्षांचा फर २१ इंचांच्या वर असतो आणि तोच जुन्या पाइनला घोटत असतो. २०२१ मध्ये नियम सैल केला आणि त्यावरून कोर्टकचेरी सुरू झाली. मला विचाराल तर तो आकडा टिकला कारण लोकांचा विश्वास उडाला होता, आधीच्या दशकांत मोठी झाडं नको तितकी नेली गेली होती, आणि विश्वास नसला की लोक मोजपट्टीच धरून बसतात. त्यात काही चूक नाही.

म्हणून ‘सगळं थांबवा’ असं लिहिलेल्या याचिकेवर मी तुमच्या जागी असते तर सही केली नसती. त्याऐवजी स्वतःचं पत्र पाठवा आणि विचारा, किती जाडीपर्यंतची झाडं काढणार, तोडीनंतर फांद्यांचे ढीग कोण जाळणार आणि कधी, नियंत्रित आग लावायचे पैसे मंजूर आहेत का (नुसती विरळणी करून कचरा तसाच टाकला तर आग उलट भडकते), नवे रस्ते काढणार का, लाकडाचे पैसे कोणाला जाणार, आणि तीन-चार वर्षांनी तपासायला बाहेरचं कोण येणार. नियंत्रित आगीचा धूर वसंतात आणि शरदात थोडा सोसावा लागेल, तो तुमच्या मैत्रिणींनी आणि आजोबांनी दोघांनीही मान्य केला पाहिजे.

आणि इकडच्या वाचकांसाठी, हे वाचून सह्याद्रीतले वणवे चांगले असं कृपया कोणी समजू नका. आपल्या घाटातलं रान पाँडेरोसाचं नाही, आणि गवतासाठी किंवा शिकारीसाठी लावलेले वणवे दरवर्षी उगवतं रान खाऊन टाकतात.

प्रश्न : आमच्या शहरातल्या टेकडीवर सगळी गिरीपुष्पाची लागवड आहे. परदेशी झाड म्हणून एक ग्रुप ते तोडा म्हणतो, मॉर्निंग वॉकवाले म्हणतात सावली जाईल. कोण बरोबर?

उत्तर : दोघांना थोडं थोडं मिळू शकतं. एकदम साफ करू नका, उघड्या टेकडीवर पुन्हा गिरीपुष्प किंवा घाणेरीच येईल. खाली उतरून बघा, बऱ्याच ठिकाणी त्याच्या सावलीत देशी रोपं आपोआप आलेली असतात. अशा रोपांच्या डोक्यावरचं गिरीपुष्प काढा, बाकीचं पुढे बघू, आठ-दहा वर्षांचं काम समजा. जिथे मुळात गवताळ माळ होता तिथे मात्र झाडं लावायचीच घाई नको.

प्रश्न : आमच्या सिंधुदुर्गातल्या गावच्या देवराईत एक प्रचंड झाड वठलंय. देवळाचा जीर्णोद्धार काढलाय, मानकरी म्हणतात झाड तसंही मेलंय, विकून कळसाचा खर्च भागेल, देवाचंच देवाला. पुजाऱ्यांनी कौल लावायचं ठरवलंय. मी कॉलेजला बॉटनी शिकलो म्हणून मला विचारतात. मेलेलं झाड तोडायला काय हरकत आहे?

उत्तर : वठलेलं झाड रानाच्या दृष्टीने मेलेलं नसतं. धनेशाला स्वतःला ढोल कोरता येत नाही, त्याला जुन्या मोठ्या झाडातली तयार ढोल लागते, मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. पिंगळे, पोपट, घोरपडी, सगळ्यांना असली झाडं लागतात आणि आता ती उरलीत बहुतेक देवरायांत, बाहेरची बरीचशी केव्हाच गेली.

रोग पसरेल म्हणून मेलेलं काढावं लागतं असंही लोक म्हणतात. कधी ते खरं असतं. १९९० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या सालाच्या जंगलात खोड पोखरणारा किडा इतका वाढला की लाखो झाडांना लागण झाली, तेव्हा सालाची काही झाडं पाडून त्यांच्या सालीच्या रसाच्या वासावर त्या किड्याचे भुंगेरे गोळा करायचे, आणि गावकऱ्यांना भुंगेऱ्यामागे पैसे द्यायचे, असे उपाय केले. पण तिथेही लागण झालेली झाडं तोडताना चांगली झाडं पण जातात का हा वाद पेटला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तुमच्याकडे एकच झाड वयाने वठलंय, शेजारची हिरवी आहेत, तर रोगाचं कारण लागू नाही.

देवावरची श्रद्धा आणि रानावरची माया यात मला भांडण दिसत नाही, ती देवराई श्रद्धेनेच राखली. मानकऱ्यांना झाड विकायची हाव आहे असं बोलू नका, देऊळ चांगलं व्हावं ही त्यांची इच्छा खरीच आहे. फक्त दोन गोष्टी सांगा. एक, सातबारा काढा, कोकणातल्या बऱ्याच देवरहाट्या सरकारच्या नावावर आहेत, तशी निघाली तर लिलाव गावाला करताच येत नाही आणि जीर्णोद्धाराच्या कामात पोलीस केस नको. दोन, कौल लावायच्या आधी देणगीची यादी फिरवा, मुंबईच्या चाकरमान्यांना फोन करा, कळसाचे पैसे जमले तर झाडाचा प्रश्न सुटतोच. तरीही झाड देवळावर किंवा वाटेवर पडेल अशी भीती असेल तर वरच्या धोक्याच्या फांद्या तेवढ्या उतरवून घ्या आणि खोड उभं ठेवा. आणि काहीही करायच्या आधी फेब्रुवारी ते मे या दिवसांत सकाळी दुर्बीण घेऊन त्या झाडाखाली काही दिवस बसा. ढोलीच्या तोंडाशी लिंपण दिसलं, खाली फळांच्या बिया पडलेल्या दिसल्या, तर फोटो काढून मानकऱ्यांना तिथेच घेऊन जा.